मांडीवर घेतलेले हात

“शेवटची दहा मिनिटं राहिली रे लेकरांनो...” परीक्षेत हे सांगताना अनंतच्या शाळेतले बाबाराव गुरुजी आवाज असा खाली आणायचे, जणू पाळण्यातलं पोर नुकतंच निजलंय. नेरच्या त्या संगणकवर्गात पाऊल टाकताना अनंतला तो आवाज कुठूनसा ऐकू आला. दुपार पेंगत होती. शेजारच्या जिनिंग कारखान्यातून उडालेला कापूस खिडकीतून आत यायचा आणि संगणकांच्या काळ्या पडद्यांवर अलगद उतरायचा. मुलांच्या चपला दाराबाहेर. आत सगळं निजल्यासारखं.

अनंतची थोरली बहीण कुंदाताई खाजगी तपासाची कामं घ्यायच्या. तो सोबत असायचा आणि बहुतेक वेळा चुकायचा.

“सराव परीक्षेत बबिताचाच संगणक मधातच बंद पडते,” वर्गाचे चालक स्वानंद सांगू लागले. “कागदावर पोरगी पहिली. बाजूले बबलू बसते, तिच्याच तांड्यावरचा. त्याचंच काम हाय. उद्या त्याले काढून टाकतो. मंग वसतिगृहही सुटते त्याचं, अन् परीक्षाही.”

“संगणक तपासला?” कुंदाताईंनी विचारलं.

“बदलूनच देल्ला, दुसऱ्या जागेवरचा. तरी तेच.”

“मग नव्या जागी बबलू शेजारी कसा?”

“बबितानंच मांगितला.”

अनंत हसला. “घ्या! पोरीनं चोरालेच राखण सांगितली.”

कुंदाताई हसल्या नाहीत. “कधीच बंद पडला नाही, असं झालं?”

“एकडाव. पडद्यावर उरलेली मिनिटं दाखवते ते उलटं घड्याळ त्या दिवशी दिसतच नोहतं, काहीतरी बिघडलतं. पोरगी पहिली आली.”

कुंदाताई बबिताच्या खुर्चीत बसल्या. टेबलाखाली सीपीयू होता, पण त्याचं बटण पलीकडच्या अंगाला. पाय ताणूनही पोचेना. शेजारच्या खुर्चीत अनंत बसला, तर त्याच्या पायाचा अंगठा सहज बटणावर टेकला.

मग पुष्पाला बोलावलं. वर्गात दुसरी येणारी.

“माह्यावर काहून डाऊट?” ती फणकारली. “माही जागा मांगच्या रांगेत. मले तिची पाठ दिसते अन् हात.”

“संगणक बंद पडला तेव्हा हात कुठे होते?”

“मांडीवर. त्याच्या आधीच घेतलते तिनं. मले वाटलं, देवाचं नाव घेऊन राह्यली.”

“दचकली?”

“नाही बा.”

बबलू आला तो खाली बघतच.

“तू बंद करतोस?” कुंदाताईंनी विचारलं.

“हो.”

“कशाला?”

“असंच.”

“तिचा हेवा वाटतो?”

“वाटत असंन.” त्यानं नखानं टेबलाची कड कोरली. “काढून टाका मले. मी कापूस येचाले जाईन.”

शेवटी कुंदाताईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं. बबिताही आली.

“बटण बबलूनंच दाबलं,” त्या म्हणाल्या. “बबिताचा पाय तिथे पोचत नाही, त्याचा पोचतो.”

“मी काय म्हणत होतो!” स्वानंद म्हणाले.

“ऐका तर. हेव्यानं केलं असतं, तर बबितानं त्याला पुन्हा शेजारी मागितलं असतं का? पडदा काळा होण्याआधीच तिचे हात मांडीवर येतात. ती दचकत नाही. म्हणजे काय होणार ते तिला ठाऊक असतं. हात खाली घेणं हीच खूण. आणि घड्याळ दिसत नव्हतं त्या दिवशी खूणच झाली नाही. पोरीला प्रश्नांची भीती नाही, स्वानंदराव. तिला त्या पळत्या आकड्यांची भीती आहे.”

“मंग हा पोट्टा बोलत काहून नाही?” अनंतनं विचारलं.

“तिला शब्द दिला असेल.”, कुंदाताई म्हणाल्या. “ तो मोडण्यापेक्षा त्याला घरी जाणं सोपं वाटतंय.”

बबलूनं मान वर केली नाही. बबिता मात्र त्याच्याकडे बघत होती. मग तिनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं.

“सर, त्याले नका काढू. मीच म्हणलं होतं त्याले. ते घड्याळ लाल झालं का मले वाचताच येत नाही. अक्षरं दिसतात, पण कोन्या दुसऱ्याच गावची वाटतात. तांड्यावर समदे म्हणतात, आमची बबिता साहेब होईन. संगणक बंद पडला तं दोष मशीनचा, पण त्याईले कसं सांगू का मले भेव वाटते?”