शाडूवर उमटलेलं चाक

दिवाळीची सुट्टी लागली आणि किमयाच्या अंगणात किल्ला उभा राहू लागला खरा, पण त्यात कुणाचा जीव रमत नव्हता. किमयाची मावसबहीण भाविका पेणहून शाडूचा भलामोठा गोळा घेऊन आली होती. तिच्या घरी गणपतीचा कारखाना, त्यामुळे मावळे घडवणं तिच्या हातचा मळ. शेजारचा साहिल दगड आणून टाकत होता. किमया मात्र ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसलेल्या बाबांकडे पुन्हा पुन्हा बघत होती.

तिचे बाबा, गोविंदा, गागोद्याच्या वरच्या वाडीची एकुलती एक जीप चालवायचे. जीप रोह्याच्या सुशीलशेठची. आठवड्यापूर्वी तापानं फणफणलेल्या, वाडीतल्याच म्हाताऱ्या धोंडुबाईला दवाखान्यात नेताना उताराच्या वळणावर जीप घसरली आणि चरात आडवी झाली. बाबांना खरचटण्यावर निभावलं. धोंडुबाईचं कंबरेचं हाड मोडलं, तिला तिथूनच अलिबागला हलवलं.

दुसऱ्या दिवशी सुशीलशेठ वाडीत आला आणि चारचौघांत बोलला, "आत्ताच नवे टायर घातलेत. चिखल, खडक, कुठंही चालतील असे. असली गाडी आपोआप घसरत नाय. गोविंदा प्यालेला असनार."

बाबा पूर्वी प्यायचे. दारू सोडूनही त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण लोकांचं कसं असतं, सोडल्याचं विसरतात आणि प्यायल्याचं बरोबर लक्षात ठेवतात. बाबा एकदाच म्हणाले, की मी प्यालेलो नव्हतो. कुणी मान डोलावली नाही, तेव्हा ते गप्प झाले ते गप्पच. नोकरी गेली, वाडीतलं हसणंबोलणं गेलं. आणि किमया? तिच्या मनातही एक काटा रुतला होता. खरंच प्याले असतील तर? या विचाराची तिला लाज वाटायची, पण तो काही जात नव्हता.

त्या संध्याकाळी नव्या ड्रायव्हरनं जीप वळवली ती थेट रस्त्याकडेला पसरून ठेवलेल्या ओल्या शाडूवरून! साहिल ओरडत मागे धावला. भाविका मात्र खाली वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"किमया, हे बघ. साच्यातनं निघालेली वस्तू अशी नसते गो," ती म्हणाली. "टायर साच्यात बनतो ना? मग रेघा एकसारख्या पाहिजेत. ही बघ, इथं जाड, इथं बारीक, इथं हात घसरलाय. हे कुणीतरी कोरलंय."

किमयानं निरखून बघितलं. टायरच्या खोबणीत शिरलेली शाडू उंच धारेसारखी उभी होती आणि एका धारेच्या माथ्यावर चक्क कापडासारखी वीण उमटली होती. टायरमध्ये कापड? बाबांनीच तिला एकदा दाखवलं होतं, की खोबणीच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की टायरचं आयुष्य संपलं, मग तो बाहेरून कितीही दणकट दिसो. या ठशात उंचवट्याची खूणच नव्हती. झिजलेल्या टायरवर नव्या खोबणी कोरताना कुणीतरी तेही कापून टाकले होते, आणि पार रबराच्या आतल्या कापडी थरापर्यंत कोरलं होतं.

सकाळी जीप दिवाळीच्या बाजाराला पेणला निघायची होती. बायका पिशव्या घेऊन जमण्याआधीच तिघं शाडूच्या वड्या घेऊन पोचले. ड्रायव्हर चहाला गेला होता. चारही चाकांवर वड्या दाबल्या, मागे टांगलेल्या स्टेपनीवरही दाबली. स्टेपनीचा ठसा सरळ, नीटस होता, पण धार जेमतेम नखभर, आणि उंचवटे वरच्या रबराला टेकलेले. जुन्या पाचांतला हा एक कोरायचा राहून गेला होता!

तेवढ्यात सुशीलशेठ आला. त्यानं पोरांना शिव्या घातल्या आणि ड्रायव्हरला हाक मारून गाडी काढायला लावली. बायका चढल्याही. साहिल चाकासमोर मांडी घालून बसला. किमयानं पाचही वड्या बॉनेटवर मांडल्या आणि ती बोलायला लागली. शेठ हसला. म्हणाला, चिखलाचे खेळ घरी खेळा.

सरपंच चंद्रावतीकाकू जीपमध्ये पुढेच बसल्या होत्या. त्या खाली उतरल्या, चाकापाशी वाकल्या, खोबणीत बोट घातलं आणि नखानं ओढलं. नखाबरोबर काळा धागा बाहेर आला. त्यांनी तो शेठसमोर धरला.

"शेठ, ह्यो नवा टायर हाय?"

मग शेठची जीभ अडखळली. रोह्याला कोरून घेतले, वरून काळा रंग दिला, दिवाळी झाली की बदलणारच होतो, असं तो पुटपुटत राहिला. बायका एकेक करून उतरल्या. त्यांतल्या दोघींनी डोळ्यांना पदर लावला, कारण मागच्या बाजाराला त्यांची तान्ही पोरं याच जीपमध्ये होती. काकूंनी पोलिसांना फोन लावला, मग तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, आमच्या जाणत्या डोळ्यांना दिसलं नाही ते पोरांनी बघितलं. मंडळी ओट्यावर जाऊन बाबांची माफी मागून आली. बाबा एवढंच बोलले, "पोरीला शिकवलं, आनि मी सोता बोट घालून बघितलं नाय. काळा रंग बघून खूश झालो."

भाऊबीजेनंतर धोंडुबाईला बाजेवर घालून घरी आणलं. ती आता चालणार नव्हती. किमया तिच्यासाठी करंज्या घेऊन गेली आणि तिनं टायरची सगळी हकीकत सांगितली.

"तुझा बाप प्यालेला नव्हता, ह्ये मला तवाच ठावं व्हतं गो," म्हातारी म्हणाली. "मी बाजूलाच बसले व्हते, वास आला नसता? पन मला कुनी इचारलंच नाय."

किमया घरी परतली तेव्हा अंगणातला किल्ला तसाच अर्धा पडला होता. बाबा ओट्यावर होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. शाडूला, चाकांना, सगळ्यांना तिनं प्रश्न विचारले होते.

"बाबा, मीपन तुला विचारलं नाय."

"ठावं हाय मला," बाबा म्हणाले, आणि थोडं सरकून त्यांनी तिला बसायला जागा केली.