पांढऱ्या पत्र्याचे मंगळवार

छत्रीवर टप्प असा आवाज झाला तेव्हा मला वाटलं, पक्षी असेल. दुसरा थेंब खांद्यावर पडला आणि तिसरा थेट माझ्या निळ्या गणवेशाच्या खिशावर... पांढरा, घट्ट, आणि त्याला ताज्या रंगाचा वास येत होता.

छत्री बाजूला करून मी वर बघितलं. दुकानाच्या पत्र्यावर एक तरुण पालथा पडून रंग देत होता. हातात ब्रश, डोक्याला फडकं आणि भुवईवर पांढरा पट्टा.

"माफ करा, सिस्टर," तो वरून म्हणाला. "तुम्ही एकदम खाली आलात."

"मी आले नाही. रस्ता पहिल्यापासून खालीच आहे."

त्याने क्षणभर विचार केला. "हे बरोबर आहे. मग मीच एकदम वर आलो."

जानेवारी, म्हणजे आमचा ऐन उन्हाळा; सकाळचे अकरा वाजले होते. सरोवराकडे बघवत नव्हतं, इतकं ते चकाकत होतं. किनाऱ्यावर बायकांनी वाळत घातलेली ओमेना मासळी त्या वर्षी अर्ध्या वेळात कडक होत होती. मला दवाखान्यात पोचायचं होतं. पण तो शिडीवरून भराभर खाली उतरला, रॉकेलमध्ये बोळा भिजवून माझ्यापुढे आला, खिशाकडे हात नेला... आणि तो खिसा नेमका कुठे आहे हे लक्षात येऊन तसाच थबकला. त्याचे कान तापले असावेत. बोळा माझ्या हातात देत तो म्हणाला, "तुम्हीच पुसा."

मला हसू आवरलं नाही.

"नाव काय तुमचं?"

"कशाला?"

"तक्रार कोण करतंय, ते नको कळायला?"

"आलेगोची लेक आहे मी. एवढं पुरे."

"मी सेमेचा. ओबुया."

आमच्याकडे मुलगा-मुलगी भेटले की आधी गाव विचारतात. एका गावचे बहुधा एकाच कुळातले, आणि एका कुळातल्यांची लग्नं होत नाहीत, म्हणून. त्यामुळे गाव विचारणं तसं साधं नसतं... आणि कुणी न विचारता आपलं गाव सांगणं तर मुळीच नाही. दवाखान्यापर्यंत मी उगाच भरभर चालत गेले.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच उभा. किसुमूच्या विद्यापीठातून प्रोफेसर अवुओर आल्या होत्या. परदेशातल्या एका विद्यापीठाबरोबर त्यांनी काम काढलं होतं. उन्हाळे वाढत चाललेत, पत्र्याच्या घरात पोटुशा बायकांना त्याचा किती त्रास होतो, आणि पत्र्याला पांढरा रंग दिला तर तो कमी होतो का, हे बघायचं होतं. आसपासच्या पाच गावांतली साठ घरं घेतली. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या तीस घरांना या वर्षी रंग, उरलेल्यांना पुढच्या वर्षी. प्रत्येक घरात काडेपेटीएवढी एक डबी टांगायची, ती तासातासाला तापमान टिपणार. दुकानाचा पत्रा त्याने फक्त रंगाची परीक्षा म्हणून रंगवला होता.

"डब्या ओबुया बघेल. त्याचा एम. एस्सी.चा प्रबंध यावरच आहे," प्रोफेसर म्हणाल्या. "बायकांचं वजन, रक्तदाब, झोप... ते अकेयो सिस्टर बघतील. दर मंगळवारी दोघांनी बरोबर जायचं."

"अकेयो," तो हळूच म्हणाला. "मिळालं नाव."

"तक्रार अजून गेलेली नाही," मी म्हटलं.

मग मंगळवार सुरू झाले. त्याच्या मोटारसायकलवर मागे मी, मांडीवर वजनकाटा. लाल मातीचा रस्ता, एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला पाणी. वारा त्याच्या शर्टात शिरायचा आणि शर्ट फुगून माझ्या चेहऱ्याला लागायचा... साबणाचा वास, थोडासा रंगाचा. मी मान फिरवायची. पण जरा उशिराने.

"सिस्टर, धरून बसा. पुढे खड्डा आहे."

"कुठे आहे? मला तर दिसत नाही."

"असेल कुठेतरी. रस्ता मोठा आहे."

सगळ्यात शेवटचं घर मर्सलिनचं. तिचा नवरा शिडाच्या होडीवर मासेमारी करायचा. मर्सलिनला सहावा महिना लागलेला, जीभ अशी की गावातले पुरुष तिच्या दारावरून जपून जायचे. पहिल्याच दिवशी तिने ओबुयाला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "तू सेमेचा. आई कुठली?"

"गेमची."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग काही अडचण नाही."

"कसली अडचण?" ओबुयाने विचारलं.

"तू डबी बघ, बाबा."

पण मर्सलिनची चिठ्ठी पुढच्या वर्षाची निघाली होती.

फेब्रुवारी आला आणि ऊन अंगावर धावून यायला लागलं. एका मंगळवारी मर्सलिन दाराशी जमिनीवर बसलेली, पाय सुजलेले, ओठ कोरडे. आतल्या डबीने आदल्या दुपारी दोन वाजता एक्केचाळीस अंश टिपलं होतं.

"सिस्टर, रात्री तरी पत्रा थंड होईल म्हणावं, तर तेही नाही," ती म्हणाली. तिने टोमणा मारला नाही, याचीच मला भीती वाटली.

बाहेर येऊन मी ओबुयाला म्हटलं, "रंग शिल्लक आहे ना? उद्या हिचं घर रंगवा."

त्याने आकड्यांची वही मिटली. मग म्हणाला, "चिठ्ठ्या टाकल्यात, सिस्टर. एका घरासाठी मोडल्या तर बाकीच्यांना काय सांगू? आणि तुलनाच राहिली नाही, तर रंगाचा उपयोग होतो हे सरकारला पटवणार कसं? इथली साठच घरं आहेत. पत्र्याची घरं लाखो आहेत."

"त्या लाखांत मर्सलिन येत नाही का?"

"येते. पण..."

"मग पुढचं मला सांगू नका."

त्यानंतर दोन आठवडे मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये वजनकाटा ठेवला. खड्डे आले तरी तो 'धरून बसा' म्हणाला नाही. तो चूक नाही, हे मला कळत होतं आणि म्हणूनच राग जास्त येत होता.

तिसऱ्या आठवड्यात मर्सलिनला भर दुपारी कळा सुरू झाल्या. अजून दोन महिने होते. नवऱ्याने तिला हातगाडीवर घालून दवाखान्यात आणलं. मी तिला डाव्या कुशीवर निजवलं, सलाईन लावलं, ओल्या फडक्याने अंग पुसत राहिले. पाच वाजेपर्यंत कळा थांबल्या. ती झोपली, तेव्हा कुठे मी फडकं खाली ठेवलं.

मी बाहेर व्हरांड्यात आले आणि तडक प्रोफेसरांना फोन लावायला निघाले. ओबुया तिथे बाकावर फोन घेऊन बसला होता. फोन मोठ्या आवाजावर होता आणि पलीकडे प्रोफेसरच होत्या, परदेशातल्या विद्यापीठातले त्यांचे सहकारीही होते.

"सिस्टर आल्यात," तो फोनमध्ये म्हणाला. "त्यांचंच ऐका."

मी बोलले. एक्केचाळीस अंश, सुजलेले पाय, आजची दुपार, सगळं सांगितलं. "थांबणाऱ्या घरांत सातव्या महिन्यापुढच्या नऊ जणी आहेत," मी म्हटलं. "त्यांना पुढचं वर्ष नाही, मॅडम. त्यांचं बाळ या उन्हाळ्यात यायचंय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग परदेशातले गृहस्थ, सिस्टरचं बरोबर आहे, असं म्हणाले आणि प्रोफेसर त्यावर म्हणाल्या, "आमचंही तेच मत आहे. हे आम्ही आधीच ठरवायला हवं होतं. नऊ घरं रंगवा, हिशेबातून काढा. ओबुया, पण नऊ घरं गळली की तुझे आकडे अपुरे पडतात. तुला आणखी एक उन्हाळा घ्यावा लागेल. प्रबंध वर्षभर पुढे गेला. काल पत्र लिहिलंस तेव्हा याचा विचार केला होतास ना?"

"हो, मॅडम."

काल. म्हणजे मर्सलिनला कळा यायच्या आधीच त्याने ही घरं रंगवू द्या म्हणून लिहिलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो आपल्या चपलेकडे बघत होता.

मर्सलिनचं घर पहिलं. सकाळी तो आणि तिचा नवरा पत्रा घासून चढले. दुपारपर्यंत एक उतार रंगवून वाळला, दुसरा नुकताच संपत आला... आणि सरोवरावर ढग उभा राहिला. वाट चुकून आलेला, काळाभोर. ओला रंग वाहून गेला असता आणि उरलेले डबे बाकीच्या आठ घरांसाठी मोजून ठेवलेले होते.

मर्सलिनचा नवरा धावत जाऊन होडीचं शीड घेऊन आला. खालची दोन टोकं त्याने आंब्याच्या फांदीला आणि उभ्या रोवलेल्या वल्ह्याला बांधली. वरची दोन टोकं धरायला पत्र्याच्या आढ्यावर कुणीतरी बसायला हवं होतं. एका टोकाला ओबुया होता. दुसऱ्याला मी चढले, गणवेश गुडघ्याशी खोचून.

"सिस्टर, सांभाळून."

"तुम्ही तुमचं टोक धरा."

पाऊस आला तो एकदम. शिडावर ढोल वाजल्यासारखा आवाज, खाली ओल्या रंगाचा पांढरा उजेड आणि त्या ठिगळाठिगळांच्या कापडाखाली आम्ही दोघं, हात वर ताणून. शिडाला मासळीचा वास होता. पाण्याने जड झालेलं कापड आम्हाला एकमेकांकडे ढकलत होतं... इंचाइंचाने.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"काय?"

"वर्ष जाणार ते."

"सांगितलं असतं तर तुम्ही फोनवर तेवढ्याच ठामपणे बोलला असता?"

"बोललेच असते."

"माहितीय. म्हणून तर तुम्ही मला..." तो थांबला. "हात दुखतायत का?"

"विषय बदलू नका."

त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब ओघळला. पुसायला दोघांचाही हात मोकळा नव्हता.

"दोन आठवडे तुम्ही बोलत नव्हता ना," तो म्हणाला, "तेव्हा आकडे टिपताना मी चुकायचो. एका घराला सत्तावन्न अंश लिहिलं. प्रोफेसर म्हणाल्या, त्या घरात भट्टी आहे का?"

"मग?"

"म्हटलं, घरात नाही."

मी हसले, तशी माझ्या हातातली कड सुटायला आली. त्याने कोपराने ती सावरली आणि कोपर तिथेच राहू दिला.

"आणखी एक उन्हाळा इथे काढायचाय," तो हळू म्हणाला. "वाईट वाटायला हवं. वाटत नाही. अकेयो... तुम्ही असाल ना इथे?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात खालून मर्सलिनचा आवाज आला. "पाऊस थांबून बराच वेळ झाला. शीड खाली आणताय, की जेवण वर पाठवू?"

पुढच्या मंगळवारी तिच्या डबीने भर दुपारी चौतीस टिपलं. मर्सलिन आत झोपली होती आणि घोरत होती. आम्ही दाराशी उभे राहून ते ऐकत राहिलो, एखादं गाणं ऐकावं तसं.

एप्रिलच्या अखेरीला तिला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, तीन किलो शंभर. मी बाळ पुसून तिच्या छातीवर ठेवलं, हात धुतले आणि बाहेर आले. अंगणात ओबुया साठ डब्या खोक्यात भरत होता. पाऊस लागून उन्हाचा हंगाम संपला होता आणि दुपारच्या गाडीने तो किसुमूला निघणार होता. त्या छपरावरच्या प्रश्नानंतर त्याने मला पुन्हा काही विचारलं नव्हतं. चहा पिताना, वजनं लिहिताना नुसता बघायचा आणि मी बघितलं की डब्या मोजायचा.

"मुलगी आहे," मी म्हटलं. "दोघी बऱ्या आहेत."

तो खोक्यावर टेकून बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

मी त्याच्या शेजारी बसले. समोर बोलायची हिंमत होईना, म्हणून रस्त्याकडे बघत बोलले. "किसुमूहून सियायाच्या गाडीत बस. आलेगोतल्या न्गियाच्या बाजाराला उतर."

"मी?"

"चर्चच्या मागून डावीकडे वळ. तिसरं घर, हिरव्या दाराचं. शनिवारी जाऊ नकोस, वडील कुणाच्या ना कुणाच्या अंत्यविधीला गेलेले असतात. रविवारी जा. एकटा नको, काकांना घेऊन जा. साखर ने, चहापत्ती ने. आई विचारेल कुठला, आई कुठली. नीट सांग. घाबरून पुटपुटू नकोस, वडिलांना कमी ऐकू येतं."

त्याने खिशातून पेन काढलं आणि खोक्याच्या झाकणावर लिहायला सुरुवात केली. न्गिया. चर्च. डावीकडे. हिरवं दार. लिहिता लिहिता त्याचं पेन थांबलं.

"तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"मनात केव्हाची म्हणतेय."

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी त्याने डब्या मोजल्या नाहीत. मीही मान फिरवली नाही.

"आणि तू?" त्याने विचारलं. "त्या रविवारी तू कुठे असशील?"

"घरीच," मी म्हटलं. "चहा दुसरं कोण देणार आहे तुला?"