भाचीच्या ओंजळीतलं घर

रविवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी कैलाशदादानं भाचीच्या ओंजळीत पाणी सोडलं, तिथून हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आहे. अतुलनं तेव्हाच फोटो काढला होता, आणि खुशबूनं तो मोबाईलमधून अजून पुसलेला नाही.

हे झालं एका बेटावर. बेट म्हणजे समुद्रातलं नाही. वैनगंगेवर धरण झालं, पाणी मागं चढलं, एक गाव बुडालं, आणि गावामागची टेकडी तेवढी पाण्यावर राहिली. कुण्या बिल्डरनं तिथं सात कौलारू घरं बांधली, भोवती नारळ लावले, पाटी ठोकली, 'भंडाऱ्याचं अंदमान'. नारळाला कधी नारळ लागला नाही, पण घरं खपली. त्यातलं एक खुशबूच्या मोठ्या भावानं, कैलाशदादानं घेतलं होतं. आठ महिने राहिला, आणि आता एकाएकी म्हणाला, "तुमीच घेऊन टाका."

खुशबूचे सासरे पोस्टातून रिटायर झालेले. पाण्याकाठी घर असावं, सकाळी गळ टाकून बसावं, एवढीच त्यांची हौस. म्हणून नवरा अतुल आणि तीन वर्षांची चिमी, दोघांना घेऊन खुशबू घर पाहायला लाखनीहून निघाली.

काठावर दादा डोंगा घेऊन उभाच होता. डोंग्यात वयनी बसलेली, मांडीवर त्यांची सहा वर्षांची पोरगी, भावना. पोरीचा उजवा हात वर होता. बाजारात लेकरू मोठ्या माणसाचं बोट धरून चालते ना, तसा. बोटं अर्धी मिटलेली.

"हाताले काय झालं वो हिच्या?"

"लचकला," दादा म्हणाला. वयनी पाण्याकडे पाहत राहिली.

खुशबूनं सहज तो हात चोळायला घेतला. थंडगार, ओलाचिंब. शेवाळाचा वास आला. पोरगी हूं की चूं बोलली नाही. चार महिन्यांपासून बोलतच नाही, हे मात्र नंतर कळलं.

घर देखणं होतं. आत पाऊल टाकण्याआधी दादानं सगळ्यांना उंबऱ्याबाहेर थांबवलं आणि पितळी तांब्या आणला. आपल्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. भाची केवढीशी का असेना, मामानं तिचे पाय धुवायचे, डोकं टेकायचं, काही द्यायचं. भाचीला दिलेलं परत फिरत नाही. खुशबू लहानपणापासून हे पाहत आलेली. तिला भरूनच आलं.

"अरे दादा, कागद तं होऊ दे आधी."

"कागद होत राहतीन. घर मी भाचीले देऊन राहिलो."

"असा साळा पाहिजे बाप्पा," अतुल हसला आणि मोबाईल काढला.

दादानं चिमीचे पाय धुतले. डोकं टेकवलं ते बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाला, "ओंजळ कर, माय."

चिमी आईच्या मागं लपली. ती भावनाच्या हाताच्या वर, जरा मागं, पाहत होती. जिथं कुणी नव्हतं तिथं. "नाही... नाही..." म्हणत होती. आणि खुशबूनं, तिच्या आईनं, स्वतःच्या हातांनी तिची ओंजळ करून पुढं धरली.

"घे बाळा. मामा देऊन राहिला ना? म्हण, घेतलं."

दादानं धार सोडली. "या घरात जे माझं, ते आजपासून तुझं."

"घेतलं," चिमी म्हणाली.

भावनाचा हात खाली पडला. ओली चिंधी दोरीवरून पडावी तसा. "आई," ती म्हणाली, "मले भूक लागली."

वयनीनं तोंडात पदर कोंबला, पोरीला उचललं आणि डोंग्याकडं पळत सुटली. दादाही मागोमाग निघाला. "यायले सोडून येतो, मंग तुमाले न्यायले येतो..." त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. डोंगा दूर जाईपर्यंत खुशबू काठावर हात हलवत उभी होती. बावळट.

वळली तेव्हा चिमीचा हात वर होता.

पोरगी उघड्या दारातून आत गेली. लादीवर तिची इवली पावलं उमटली, आणि शेजारी दुसरी. मोठी, पसरट, ओली. एक चिमीचं, एक ते... एक चिमीचं, एक ते... खालून, लादीच्या खालून, कुणी जातं ओढावं तशी घरघर येत होती. बुडालेलं गाव तिथंच, टेकडीखाली होतं.

अतुलनं लेकरू उचललं आणि दोघं काठावर येऊन बसले. दादा आला नाही. फोन बंद. अंधारून येताना मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या ढीवराला हाका मारून बोलावलं. त्यानं तिघांना बसवलं, डोंगा किती दबला ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "चौथं कोण हाये?"

उत्तराची वाट न पाहता तो भराभर वल्हं मारू लागला.

चिमी त्या दिवसापासून गप्प आहे. झोपेतही हात वर. अंगठ्याला दोरा बांधला, दवाखाना केला, एक्स-रे काढले; हाड साबूत आहे म्हणतात. तिसऱ्या दिवशी दादानं फोन उचलला.

"दादा, तुले मालूम होतं?"

"होतं."

"मंग माझीच पोरगी काहून, दादा? एवढी दुनिया पडली हाये..."

"दुसऱ्याच्या पोरीले देऊन पाहिलं, खुशबू. गेलं नाही. भाचीच लागते."

लहानपणी तापात हाच भाऊ तिला खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेला होता. खुशबूनं फोन ठेवला, आणि मग किती तरी वेळ तिला रडायलाही येईना.

अतुल दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "मंगलाताईची पोरगी..." तो म्हणाला, आणि पुढचं गिळून टाकलं. मंगलाताई म्हणजे त्याची सख्खी बहीण, करडी गावाला दिलेली. तिची पोरगी चार वर्षांची.

"नाही," खुशबू म्हणाली. "मी मरन, पण नाही."

"आपली चिमी..."

"तुमाले माझ्या दादासारखं व्हायचं हाये का?"

अतुल दारातून बाजूला झाला. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर म्हणून गेला. दुपारी खुशबू भांडी घासायला बसली, तर मोरीत त्यांचा रोजचा पितळी तांब्या नव्हता.

तिनं ओल्या हातानंच मंगलाताईला फोन लावला. चिमी मांडीवर होती, हात तसाच वर.

"ताई, हे आले तं दार उघडू नका. पोरीले ओंजळ करू देऊ नका. पाया पडतो म्हणतीन, पडू देऊ नका..."

"काय बोलून राहिली वो तू?" मंगलाताई हसली. "कवाचा आला तो. आंगणात पाय धुऊन राहिला पोरीचे. चिमीलेबी आणलं ना, बोट धरून उभी हाये त्याचं. पाठमोरी हाये, पण केवढी उंच झाली वो तुझी पोरगी..."

फोनमध्ये पाण्याची धार पडल्याचा आवाज आला.

तुमच्यात कुणाला भाची असेल, तर तिच्या आईला आजच सांगा. मामा तांब्या घेऊन येईल, डोळ्यांत पाणी असेल, खरंच असेल. लेकराची मूठ उघडू देऊ नका. जिला सांगाल, तिला म्हणावं, तूही पुढं सांग.