डाव्या बाजूचा पट्टा

"निसटला! परत डावाच निसटला!" कुंपणावर चढून बसलेला आर्नी ओरडला.

त्याने ओरडायची काही गरज नव्हती. तो खडखडाट सगळ्या अंगणाने ऐकला होता. डुएन काकाचा ओझी उचलणारा बुटका लोडर चिखलात तिरका होऊन थांबला होता आणि त्याच्या डाव्या चाकांवरून जाडजूड लोखंडी पट्टा खाली लोंबत होता. सकाळपासूनची ही तिसरी खेप!

"दहा मिनिटंसुद्धा टिकला नाही!" काकाने हातमोजे काढून चिखलात आपटले.

सिग्नेलाही काहीतरी आपटावंसं वाटत होतं, पण तिच्या हातात फक्त दोरीचं रीळ होतं.

ईस्टरच्या सुट्टीत ती आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ आर्नी फार्गो शहरातून काकाच्या शेतावर आले होते. कोकरांना दूध पाजायचं, शेजारच्या एमेटबरोबर झाडावर मचाण बांधायचं, असे भारी बेत होते. पण यंदा सगळा बर्फ एका आठवड्यात वितळला आणि नदी फुगायला लागली. शनिवारी दुपारी पाणी सगळ्यात वर चढणार, असं रेडिओवर सारखं सांगत होते. आज गुरुवार होता, आणि मार्लिस आत्याचं घर अगदी नदीच्या काठावर होतं.

घराभोवती रचायला वाळूच्या दोन हजार पिशव्या भरून काकाच्या अंगणात तयार होत्या. अडचण होती ती मधल्या अर्ध्या मैलाची. त्या वाटेवर काळा, चिकट चिखल झाला होता. ट्रक तिथे जाऊच शकत नव्हता. लोडर काल गेला, तो पोटापर्यंत रुतला. म्हणून काकाने कुठूनतरी हे जुने पट्टे पैदा केले होते. प्रत्येक बाजूच्या पुढच्या-मागच्या दोन्ही टायरांवरून एक पट्टा गुंडाळायचा, की चार चाकांच्या लोडरचा छोटा रणगाडा झालाच! निदान व्हायला तरी हवा होता.

"मी तुला काय सांगितलं होतं, डुएन?" थर्मासमधून कॉफी ओतत लाइल काका म्हणाले. ते शेजारी, एमेटचे बाबा; एमेटही त्यांच्याबरोबर आला होता. सकाळपासून त्यांचे सल्ले कॉफीपेक्षा जास्त वाहत होते. "वापरलेले पट्टे! ताणून ताणून सैल झालेत. दे टाकून भंगारात!"

"मग उजवा कसा निसटत नाही?" सिग्नेने विचारलं. "दोन्ही सारखेच जुने आहेत ना?"

"बाळा, जरा बाजूला हो. इथे यंत्राचं काम चाललंय," लाइल काका म्हणाले.

"पण काका..."

"सिग्ने! तिघंही लांब उभी राहा बघू!" डुएन काका ओरडला.

सिग्नेने दात आवळले. तेरा वर्षांच्या मुलीला 'बाळा' म्हणणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं!

पट्टा बसवायची सगळी रीत तिला आता पाठ झाली होती. चाकं आणि लोडरचं अंग यांच्यामध्ये पट्ट्याला जागा हवी, म्हणून काल जाड चकत्या घालून चाकं बाहेर सरकवली होती. पट्टा जमिनीवर पसरायचा. लोडर त्याच्यावर आणायचा. टायरांमधली हवा थोडी कमी करायची. पट्ट्याची दोन्ही टोकं चेनपुलीने ओढून एकत्र आणायची, पिन ठोकायची आणि परत हवा भरायची. सांगायला सोपं! प्रत्यक्षात पिनेचं भोक केसभर चुकायचं, पुली सटकायची, काकाची बोटं चेंगरायची, आणि पोरांच्या कानावर पडू नयेत असे शब्द पोरांच्या कानावर पडायचे. पाऊण तास झटून बसवलेला पट्टा पहिल्याच वळणावर खाली!

"त्या विकणाऱ्यालाच फोन लावतो," काकाने लोडरची बादली जमिनीला टेकवली, यंत्र बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. "चल लाइल. पोरांनो, यंत्राच्या आत कुणी चढायचं नाही!"

दोघे घरात गेले.

"आत कोण चढतंय!" आर्नी कुंपणावरून उडी मारत म्हणाला. "बाहेरून बघायला तर बंदी नाही ना?"

 एमेट वाकून पट्ट्याकडे बघत होता. "सिग्ने, ही कडी बघ. हिच्यावर लाल रंगाचा डाग आहे."

"मग?"

"सकाळी हा डाग उजव्या बाजूला होता. मी स्वतः पाहिलाय. दुसऱ्या खेपेला तुझ्या काकांनी दोन्ही पट्टे काढले आणि बसवताना अदलाबदल झाली."

सिग्नेचे डोळे मोठे झाले. "म्हणजे उजवीकडे नीट बसलेला पट्टा डावीकडे आल्यावर निसटायला लागला! आणि निसटणारा उजवीकडे जाऊन शहाणा झाला!"

"तसंच!"

"मग पट्टे चांगलेच आहेत! गडबड डाव्या चाकांत आहे!"

तिघेही डाव्या चाकांपाशी गेले. दोन्ही टायरं चिखलाने इतकी माखली होती, की दोन काळे लाडूच दिसत होते. सिग्नेने रिळाची दोरी पुढच्या चाकाच्या बरोबर मध्यावर धरली, टायरच्या वरच्या कडेपर्यंत ताणली आणि तिथे कापली. तेवढीच दोरी तिने मागच्या चाकाला लावली.

दोरी पुरली नाही! चांगली बोटभर कमी पडली.

"नीट धर!" आर्नी म्हणाला.

"धरलीय!" तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बोटभर कमी. मग उजवीकडे मोजलं. तिकडे पुढचं आणि मागचं चाक अगदी सारखं!

"मध्यापासून बोटभर जास्त म्हणजे एका फेरीत..." एमेटने हवेत आकडे लिहिले. "मागचं चाक जवळजवळ अर्धी वीत जास्त चालणार! आणि दोन्ही चाकांवर पट्टा एकच! एक चाक त्याला ढकलतंय आणि दुसरं अडवतंय. निसटेल नाही तर काय करेल?"

"ए, इकडे या!" आर्नीने मागच्या टायरचा चिखल काठीने खरवडला होता. "या टायरला केस आहेत!"

खरंच होतं! टायरच्या कडेवर रबराचे बारीक बारीक केस उभे होते, कोऱ्या टायरला असतात तसे. बाकीची तिन्ही टायरं झिजून गुळगुळीत झाली होती.

"हे टायर नवं आहे!" सिग्ने म्हणाली. "पण काका तर म्हणाला, त्याने चार वर्षांत टायर बदललेलंच नाही. मग बदललं कुणी?"

 एमेटचे कान लाल झाले होते.

"एमेट?"

"जानेवारीत बाबांनी हा लोडर बर्फ काढायला नेला होता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आमच्या शेडमागे एक फाटलेलं टायर आहे, ताडपत्रीखाली. बाबा म्हणाले, तू बोलू नकोस, मीच डुएनला सांगीन. अजून सांगितलं नाही वाटतं."

"आणि सकाळपासून पट्ट्यांना शिव्या घालतायत!" सिग्नेचा पारा चढला. "तिकडे आत्याचं घर बुडायला आलंय, आणि..." एमेटचा चेहरा बघून ती थांबली. "बरं. टायरं लहानमोठी आहेत एवढंच मी काकाला सांगते. कुणी बदललं ते नको."

"मग जोडीचं दुसरं कुठून आणणार?" एमेट म्हणाला. "दुकानदाराने बाबांना जोडीच घ्यायला लावली होती. दुसरं टायर आमच्या शेडमध्ये आहे. अजून कागदात गुंडाळलेलं."

सिग्नेने मागच्या चाकाच्या मापाचीही एक दोरी कापली आणि तिघंही घराकडे निघाली.

स्वयंपाकघरात काका फोन कानाला लावून बसला होता. समोरून कुणी उचलत नव्हतं. सिग्नेने चिखलाने भरलेल्या दोन दोऱ्या त्याच्या पुढ्यात टेबलावर ठेवल्या.

"हे काय आणलंस?"

"डावं पुढचं चाक आणि डावं मागचं चाक."

"टायरं चारीही सारखी आहेत, सिग्ने. मी त्यांच्यावरचे नंबर वाचलेत."

"नंबर सारखा आहे, पण झीज नाही!"

"दोरी काय, ताणू तेवढी ताणते," लाइल काका घाईघाईने म्हणाले.

"मग तुम्हीच मोजा ना, लाइल काका," सिग्ने अगदी गोड आवाजात म्हणाली. "तुमच्याकडे लोखंडी टेप आहे. तो काही ताणणार नाही."

आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. सगळे बाहेर आले. लाइल काकांनी पुढचं चाक मोजलं, मग मागचं. मागचं मोजताना टेप त्यांच्या हातून दोनदा सुटला. काका वाकून आकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर आठ्या चढत होत्या.

"पण मागचं मोठं झालं कसं?"

एमेट पुढे झाला.  "बाबा, दुसरं टायर घेऊन येऊ या का?"

 लाइल काकांनी टोपी काढली आणि परत घातली.

"बर्फाखालचा झाडाचा खुंट दिसलाच नाही मला," ते शेवटी म्हणाले. "टायर फाटलं. म्हटलं, नवंच घातलंय, आता सांगून काय करायचं. मग राहूनच गेलं. पट्ट्याचं आणि टायरचं काही नातं असेल, असं खरंच डोक्यात आलं नाही, डुएन."

"टायरचं एवढं नाही रे, लाइल. पण माझा अख्खा दिवस गेला! मार्लिसचं घर नदीवर आहे!"

"मी आत्ता आणतो. बसवणारही मीच."

आणि त्यांनी ते खरं केलं. तासाभरात डावीकडे दोन्ही टायरं कोरी होती. पिन मात्र याही खेपेला लगेच बसली नाही. नव्या टायरांवर पट्टा तंग झाला, म्हणून आणखी हवा काढावी लागली. पुली एकदा सटकली. आर्नीने रागाने कुंपणाला लाथ मारली आणि स्वतःच कळवळला. पण चौथ्या ठोक्याला पिन खटकन आत गेली!

काका लोडरमध्ये चढला. पहिलं वळण. सगळे श्वास रोखून बघत होते. दुसरं वळण, अगदी जागच्या जागी. पट्टा जागेवरच! डावी चाकं आता उजव्यांपेक्षा मोठी, म्हणून लोडर उजवीकडे थोडा ओढत होता, पण काका हाताने सावरत होता. पिशव्यांचा पहिला ढीग उचलून तो चिखलात उतरला, आणि रुतला नाही!

"चालला! चालला!" तिघांनी एवढा ओरडा केला, की गोठ्यातली कोकरं बें-बें करायला लागली.

संध्याकाळपर्यंत सहा खेपा झाल्या, शुक्रवारी पंधरा. आत्याच्या घरी आजूबाजूची माणसं रांगेत उभी राहून पिशव्या हातोहात पुढे देत होती. एमेट आणि त्याचे बाबा शेजारी शेजारी उभे होते.  एक पिशवी त्याच्या हातात देताना लाइल काका म्हणाले, "मी तुला गप्प राहायला सांगायला नको होतं. माझं चुकलं." एमेटने मान हलवली आणि पिशवी पुढे दिली.

शनिवारी दुपारी पाणी आलं. तपकिरी, थंड पाणी पिशव्यांच्या भिंतीला लागलं, एकेक थर चढत गेलं, आणि वरून तिसऱ्या थराला येऊन थांबलं. तासभर ते तिथेच होतं. मग बोटभर उतरलं.

मार्लिस आत्या पायरीवर आली. तिच्या हातात हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटा-मांसाच्या पदार्थाचं, वाफाळणारं मोठं भांडं होतं.

"उफ्फ दा! हुश्श!" ती म्हणाली. "डुएनने मला सगळं सांगितलंय. दोन मोठी माणसं दिवसभर पट्ट्यावर चिडत बसली, आणि या तिघांनी टायर मोजलं. एमेट, तुझं काम सगळ्यात अवघड होतं. तू ते केलंस. सिग्ने, आर्नी, तुम्हीसुद्धा या. आज पोरं आधी जेवतील."

"आणि आम्ही?" काकाने विचारलं.

"तुम्ही दोघं लोडर धुऊन काढा," आत्या म्हणाली. "भांड्यात काही उरलं, तर हाक मारीन!"