वाघाटीचा वेल

लिंबागणेशच्या डोंगरात वाघाटीचा एक तरी वेल उरलाय का, एवढंच मोहिनीला शोधायचं होतं. बीडच्या कॉलेजात ती फुलपाखरांचा अभ्यास करत होती. वेल सापडला तर बिया मिळणार, रोपं होणार. पण वाट दाखवायला तिनं सख्ख्या चुलत्याला, सिदूला, सोडून गावातल्या बजरंगला पुढं घातलं, आणि सिदूचा नुसता जळफळाट झाला! चाळीस वर्षं त्यानं याच डोंगरात शेळ्या वळल्या होत्या. बजरंग तर इथं कालपरवा आलेला!

दरीत शिरताच घाणेरी छातीला लागली. तिच्या लाल-पिवळ्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड उडाली होती.

"एवढी हायत की! आनकी काय पायजे?" बजरंग म्हणाला.

"तात्या, ती रस प्यायला येतात," मोहिनी म्हणाली. "घाणेरी बाहेरदेशाची. आपल्या फुलपाखरांच्या अळ्या तिचा पाला खात न्हाईत. काहींना वाघाटीचाच पाला लागतो. ती संपली की पिल्लं उपाशी."

"म्हंजे खानावळ हाय, बाळंतपणाला घर न्हाई," सिदू बोलून गेला. मोहिनी हसली. बजरंगही हसला, आणि ते मात्र सिदूला झोंबलं.

कड्यापाशी बजरंग डावीकडच्या कपारीकडं वळला. तिथला दगड ढिला होता. सिदूला ते ठाऊक होतं, आणि उजवीकडची शेळ्यांची पक्की वाटही ठाऊक होती. सांगावं? 'होऊ दे फजिती,' असं मनात म्हणून त्यानं तोंड मिटलं.

दगड सुटला! बजरंग घसरला. हाताला घाणेरी लागली, तीही कडकन मोडली.

"सिदूऽऽ!"

सिदूनं झेप घेतली. एका हातानं बजरंगचं मनगट धरलं, दुसऱ्यानं कपारीतला कुठलासा वेल. आकडेदार काटे तळहातात रुतले, पण वेल तुटेना! मोहिनीनं मागून चुलत्याची कंबर आवळली. ओढत, खरचटत तिघं कशीबशी वर आली.

सिदू रक्ताळलेला हात बघत बसला. मोहिनी मात्र वेलाकडं बघत होती.

"काका, वाघाटी!"

पानांवर हिरव्या अळ्या निवांत कुरतडत होत्या. खाली दोन पिकली फळं लोंबत होती. तिनं एकच तोडलं आणि वही काढली. "कुणाला सापडला म्हणून लिहू?"

"ह्येचं नाव लिव," बजरंग धापा टाकत म्हणाला. "ह्यो नसता तर मी गेलतो."

याच नावासाठी सिदू सकाळपासून जळत होता. आता ते मिळालं, तर त्याला मान वर करवेना.

"लिव," तो म्हणाला. "आन् खाली ह्येबी लिव. खरी वाट मला ठाव हुती, पर मी बोललो न्हाई."