पुसट अक्षर

ती छपाईसाठी तयार करत असलेल्या जुन्या लॅटिन कवितेतली एक ओळ एका अक्षरावर अडली होती. सर्वांत जुन्या हस्तलिखितात ‘वाकात’ होतं: पाळणा रिकामा आहे. नंतरच्या नकलांत ‘वोकात’: पाळणा हाक मारतो. जुन्या प्रतीचा पाठ सहसा सोडू नये, हे ती स्वतःच वर्गात घसा कोरडा करून सांगायची. पण मांडीवर तान्हं लेकरू घेऊन ‘पाळणा रिकामा’ लिहायला हात धजेना. तिनं ‘हाक मारतो’ निवडलं, आणि तळटीपेत ठोकून दिलं: जुन्या प्रतीत अक्षर पुसट, वाचता येत नाही.

अक्षर काळंभोर होतं. आंधळ्यालाही दिसेल असं.

पुस्तक छापणाऱ्या सरांचा फोन आला. “तू पुसट म्हणालीस ना, मग पुसटच. मी त्या पानाचा फोटो उघडलासुद्धा नाही. आज छापायला देतोय.”

“हो, सर.” तिची कानशिलं तापली. एवढी शिकलेली बाई, आणि भ्याली कशाला, तर एका क्रियापदाला!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, “अगं, पोर कधीचं टाहो फोडतंय पाळण्यात! त्या मेलेल्या भाषेतून बाहेर ये जरा.”

“आई, तो माझ्याजवळ आहे. झोपलाय.”

“मग माझेच कान वाजले म्हणायचे!”

चोराच्या मनात चांदणं. तिलाही ऐकू येत होतं. आतल्या खोलीतून, बारीक, हट्टी. उठून बघायचा धीर झाला नाही. तिनं जुन्या पानाचा फोटो उघडला.

ते अक्षर पुसट झालं होतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं खोटी तळटीप काढून टाकली आणि ओळीत ‘वाकात’ टाइप केलं.

रडणं थांबलं.

मांडी हलकी लागली. दुपटं तसंच गुंडाळलेलं, उबदार. आत कोणी नव्हतं.

तिनं अक्षर बदललं. ‘वोकात.’ खोटी तळटीपही परत लिहिली, शब्दन् शब्द.

मांडीवर वजन आलं. बाळानं जांभई दिली.

आत रडणं पुन्हा सुरू झालं.

फोन वाजला. “पाठवू ना गं? अक्षराची खात्री आहे?”

“पुसट आहे, सर,” ती खाली मान घालून म्हणाली. “पाठवा.”

सासूबाई हात पुसत आतल्या खोलीत गेल्या. रडणं हळूहळू निवलं.

“ह्याला निजवलं हं,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “आता तुझ्याजवळच्याला दे.”