उकळलेलं कातरपान

‘कातरपान निरुपयोगी. त्याने जखम भरते, ही गावकऱ्यांची भाबडी समजूत.’

प्रयोगशाळेच्या पडद्यावरचा हा अहवाल वाचून माझं डोकंच फिरलं. भाबडी? माझा आजा, लहानू भांगरे, पन्नास वर्षं त्याच पाल्याने गावाच्या जखमा भरतोय! आणि उद्या या अहवालावर सही झाली, की कातरपानाचा आमचा डोंगरमाथा खणून तिथे ड्रोनतळ होणार होता.

“मग जखमा भरल्या कशा?” मी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. नंदिता उबाळेंना फाडकन विचारलं.

“मलाही तेच कोडं पडलंय, रुंजी. शोधक, तू काय काय केलंस ते सांग.”

शोधक म्हणजे त्यांचा यंत्रमानव. तो तोऱ्यात म्हणाला, “पानं उकळून अर्क (पानांतले घटक उतरलेलं पाणी) काढला. त्यातली सात संयुगं (निरनिराळे घटक) वेगळी केली. बशीत वाढवलेल्या पेशींना (ज्यांनी शरीर बनतं त्या सूक्ष्म विटांना) एकेक संयुग दिलं आणि मग पेशी मारणारं रसायन सोडलं. शंभरातल्या बाराच जगल्या. संयुग न देताही बाराच जगतात. म्हणजे संरक्षण शून्य.”

“उकळून?” मी ओरडलेच. “आजा पाला थंड पाण्यात वाटतो! चुलीजवळसुद्धा नेत नाही!”

“उकळल्याने काम लवकर उरकतं.”

“उरकतं! उकडलेलं अंडं परत कच्चं होतं का रे?”

डॉक्टर ताडकन उठल्या. “काही संयुगं उष्णतेने मोडतात. आपण औषध मोडलं आणि खोटं ठरवलं गावाला!” त्यांनी फोन करून सही थांबवली.

या वेळी अर्क थंड पाण्यात काढला. आता आठ संयुगं निघाली! ते आठवं दिलेल्या शंभर पेशींपैकी एकोणऐंशी जगल्या. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

“बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. औषध व्हायला अजून वर्षानुवर्षांच्या चाचण्या लागतील,” डॉक्टर म्हणाल्या. “पण डोंगर कुणी खणणार नाही.” अहवाल त्यांनी स्वतः नव्याने लिहिला.

शोधक माझ्याबरोबर घरी आला. “चूक झाली, आजोबा.”

आजा भडकला. “दोन वर्सं माझ्या दारावरनं पाला नेत व्हतास. येकदा तरी इचारलंस का?”

शोधक हळूच म्हणाला, “अजून किती झाडांबद्दल विचारायचं राहिलंय?”

आजाने डोंगराकडे पाहिलं आणि अंगणात घोंगडी अंथरली.

“बस खाली. येळ लागंल.”